यादिरा कोणासारखी बोलते

अर्विंग, टेक्सस
रविवार, ४ ऑक्टोबर १९८७, सकाळी ६ वाजून २० मिनिटे

ती. पद्मिनीताईस सादर नमस्कार.

मी आत्ता दुकानाच्या मागच्या खोलीत तुरीच्या डाळीच्या पिशव्या बांधत बसलो होतो. दुकान आठला उघडते. मालक विष्णूकाका अजून आलेले नाहीत. कामात लक्ष लागेना, म्हणून हे पत्र लिहायला घेतले. आधीच सांगतो, माझी तब्येत बरी आहे. माझे सर्व ठीक चालले आहे. पत्र दुसऱ्या कोणासाठी आहे.

माझ्या शेजारी एक मेक्सिकन बाई राहतात. नाव ओरालिया. हायवेवरच्या मोटेलमध्ये खोल्या साफ करतात. त्यांना पाच वर्षांची मुलगी आहे, यादिरा. ऑगस्टपासून ती बालवर्गात जाते. घरची भाषा स्पॅनिश. आईला इंग्रजी जेमतेम येते, त्यामुळे शाळेची पत्रे मी वाचून देतो. परवा एक पत्र आले. ते मी शब्दकोश घेऊन तीन वेळा वाचले, तरी मला त्यातले काही शब्द चुकीचे कळले असावेत अशी आशा आहे.

शाळेत मिसेस टकर म्हणून उच्चार तपासणाऱ्या बाई आहेत. त्यांनी यादिराला चित्रे दाखवून शब्द म्हणायला लावले. त्यांचे म्हणणे असे, की या शाळेत स्पॅनिश बोलणारी पुष्कळ मुले येतात आणि ती इंग्रजी कशी बोलतात हे त्यांना ठाऊक आहे. अमेरिकन मुलांची बोबडी बोलीही त्यांना ठाऊक आहे. यादिराचे उच्चार या दोन्हींसारखे नाहीत. वर्गात ती बोलतही नाही. म्हणून तिला ‘वाणीचा आणि आकलनाचा दोष’ असावा असा त्यांना संशय आहे आणि नाताळानंतर तिला वेगळ्या वर्गात पाठवावे असा विचार चालू आहे.

तो वर्ग दुसऱ्या इमारतीत आहे. पिवळी छोटी बस येऊन मुलांना घेऊन जाते. ओरालियाबरोबर काम करणाऱ्या एका बाईंचा मुलगा सहाव्या वर्षी त्या बसमध्ये बसला. आता तो अकरा वर्षांचा आहे आणि अजून त्याच वर्गात आहे. त्याला दिवसभर मणी ओवायला देतात. ओरालियाने हे सांगितले तेव्हा त्यांचा आवाज शांत होता, पण हातातला टॉवेल त्या पुन्हा पुन्हा घडी करत होत्या.

तू याच विषयाचा अभ्यास करतेस म्हणून विचारतो. पाच वर्षांच्या मुलीच्या उच्चारांवरून ती मंद आहे हे कळते का? एकदा त्या वर्गात गेलेले मूल परत येते का? कृपा करून लवकर लिही. तुझ्या आत्याला, म्हणजे माझ्या आईला, यातले काही लिहू नकोस. तिला उगाच काळजी लागेल की मी अभ्यास सोडून लोकांची कामे करतो.

तुझा,
श्रीरंग


ॲन आर्बर
१२ ऑक्टोबर

प्रिय श्रीरंग,

दोन वर्षांत तुझी तीन पत्रं आली. तिन्हींत हवामान आणि “सर्व ठीक”. आणि आता एकदम हे. वाचून बरं वाटलं, म्हणजे काळजीचं वाटलं नाही असं नाही, पण माझा भाऊ जिवंत आहे आणि त्याला कुणाची तरी चिंता वाटते हे कळलं.

आधी मुख्य गोष्ट. घाबरू नकोस. नुसत्या इंग्रजी उच्चारांवरून असं काहीही ठरवता येत नाही. स्पॅनिश घरातलं मूल इंग्रजी शिकायला लागलं की ते आधी आपल्या भाषेतले आवाज वापरतं. त्यांच्याकडे इंग्रजीसारखा ‘श’ नाही, म्हणून ‘शूज’चं ‘चूस’ होतं. ‘व्ही’ला ओठ मिटून ‘ब’. ‘झ’ऐवजी ‘स’. शब्दाच्या सुरुवातीला ‘स्क’सारखं जोडाक्षर आलं की आधी ‘ए’ लावून ‘एस्कूल’. शब्दाच्या शेवटची व्यंजनं गळतात. हे दोष नाहीत, टप्पे आहेत. बहुतेक मुलं दोन-तीन वर्षांत बाहेर येतात. वर्गात काही महिने गप्प बसणंही नेहमीचंच आहे, नव्या भाषेत मुलं आधी ऐकतात. आमच्या लॅबमध्ये माझं काम हेच आहे: दिवसभर कानाला हेडफोन लावून चार-पाच वर्षांची पोरं “चूस” म्हणताना ऐकायची. त्यासाठी बाबांनी मला अमेरिकेत पाठवलंय, हे आत्याला सांगू नकोस.

दुसरं, तपासणी घरच्या भाषेतसुद्धा झाली पाहिजे असा इथे कायदा आहे. खरा दोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. मुलगी आईशी स्पॅनिश नीट बोलत असेल तर विषयच संपला. त्या मिसेस टकरना हे माहीत असायला हवं. आणि खरं सांगू? पोरगी मेक्सिकन आहे, आई खोल्या झाडते, म्हणून टाका वेगळ्या वर्गात, असा हा मामला दिसतो. मी तिथे असते तर बाईंना दोन गोष्टी सुनावल्या असत्या.

तर मला लिही: ती नेमकं कसं म्हणते? घरी स्पॅनिश कशी बोलते? शक्य असेल तर कॅसेट करून पाठव. सोबत शब्दांची यादी देतेय, चित्रं दाखव आणि म्हणायला लाव. तू स्वतः आधी म्हणून दाखवू नकोस, नाहीतर ती तुझीच नक्कल करील.

आत्याचं पत्र आलं होतं. कराडच्या एका मुलीचा फोटो तुला पाठवलाय म्हणे आणि तू उत्तर दिलेलं नाहीस. “डिग्री हातात आली की बघू” असं तू म्हणालास म्हणे. कधी येतेय डिग्री?

पद्मिनी


अर्विंग
२१ ऑक्टोबर १९८७, बुधवार

ती. पद्मिनीताईस सा. नमस्कार.

तुझ्या पत्राने धीर आला. तो दोन दिवस टिकला. सोमवारी शाळेचे दुसरे पत्र आले. १९ नोव्हेंबरला सकाळी साडेनऊला बैठक आहे. पालकांनी यावे आणि कागदांवर सही करावी. ओरालिया म्हणतात, सही करून टाकू. नाही म्हटले तर हे लोक विचारतील की नाही का, आणि मग तुम्ही कोण, कुठून आलात, कागद दाखवा. कागदांशिवाय राहणाऱ्या जुन्या लोकांसाठी निघालेल्या माफीच्या कायद्याखाली त्यांनी जूनमध्ये अर्ज केला आहे. त्याचे उत्तर यायचे आहे. सरकारी माणसासमोर मान वर करायची नाही, असे त्यांनी ठरवलेले आहे. मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

कॅसेट सोबत आहे. तुझ्या यादीतले सगळे शब्द घेतले आहेत. मी आधी म्हणून दाखवले नाही. रेकॉर्डर विष्णूकाकांचा आहे, सकाळी दुकानात भजने लावायला त्यांना तो लागतो, त्यामुळे परत ऐकून पाहता आले नाही. शेवटी दारावर कोणी तरी थाप मारली म्हणून मी उठलो. हल्ली दारावर थाप पडली की मी आधी खिडकीतून बघतो. टेप तेवढ्यात संपली असावी.

तू विचारलेस म्हणून लिहितो. यादिरा ‘शूज’ला ‘चूस’ म्हणत नाही, ‘शूज’ असेच म्हणते. ‘एस्कूल’ही म्हणत नाही. तू लिहिलेल्या गोष्टींपैकी तिच्यात एकही नाही. हे चांगले की वाईट? मला वाटते वाईट. तू लिहिलेस त्याप्रमाणे ती चुकत असती तर बरे झाले असते.

आईशी ती स्पॅनिश छान बोलायची. बडबडी होती. हे नक्की.

कराडचा फोटो मिळाला. आईला लिहीन.

श्रीरंग


ॲन आर्बर
२ नोव्हेंबर

श्रीरंग,

तुझी कॅसेट मी लॅबमध्ये एकटीने ऐकली आणि ते बरं झालं.

पहिला अर्धा तास मीही मिसेस टकरसारखी चक्रावले. ही मुलगी ‘टेबल’मधला ‘ट’ जीभ मागे वळवून म्हणते. तसं मेक्सिकन मूल म्हणत नाही आणि टेक्ससचं मूलही म्हणत नाही. ‘थम्ब’ला स्वच्छ, हवा सोडून ‘थ’. ‘व्हॅन’ आणि ‘वॉच’ दोन्हीला एकच ‘व’. मी कागदावर खुणा करत गेले आणि माझ्याही मनात आलं, की काहीतरी खरंच बिघडलेलं आहे. तुला धीर देणारं पत्र मी फार लवकर लिहिलं असंही वाटलं.

मग दारावरची थाप. तुझी खुर्ची सरकली. साखळी काढल्याचा आवाज. कुणी बाई लांबून “श्री” म्हणाली. आणि मग टेप चालूच राहिली, श्रीरंग. मुलीला वाटलं असेल आपल्याला कोणी ऐकत नाही. तिने स्वतःशीच म्हणायला सुरुवात केली:

“सी ए टी कॅट, कॅट म्हणजे गातो. डी ओ जी डॉग, डॉग म्हणजे पेर्रो.”

गातो हे त्यांचं मांजर, पेर्रो त्यांचा कुत्रा. मी रिवाइंड केलं. पुन्हा “म्हणजे”. त्याच चालीत, पाय आपटत, जशी मिरजेच्या शाळेत राजाराम मास्तरांसमोर आपण सगळी म्हणायचो. पुढे ती एक्स, वाय, झेड म्हणाली. अख्ख्या टेक्ससमध्ये पाच वर्षांचं मूल ‘झेड’ म्हणत नाही, ‘झी’ म्हणतं. मला हसू आलं आणि मग हेडफोन काढून मी हे पत्र लिहायला घेतलं.

शेजारच्या मुलीची पत्रं वाचून देणारा माणूस तिला असं शिकवत नाही. हे रोजचं आहे, महिनोन्‌महिन्यांचं आहे. यादिरा बोलते ती तुझी इंग्रजी आहे. तुझा ‘ट’, तुझा ‘थ’, तुझा ‘व’. तिला जे जमत नाही असं शाळेला वाटतंय ते ती अचूक करतेय, फक्त नक्कल कुणाची आहे ते त्यांना माहीत नाही. वाणीत खरा दोष असलेल्या मुलाला इतकी हुबेहूब नक्कल साधत नाही. मिसेस टकरचे कान चांगले आहेत. मी त्यांच्याबद्दल जे लिहिलं ते मागे घेते.

आणि आणखी एक. “बडबडी होती” असं तू लिहिलंस. आता नाही का?

मी तुझी मोठी बहीण आहे, पोलीस नाही. पण १९ तारखेच्या आत मला खरं कळलं नाही तर मी तुला चुकीचा सल्ला देईन आणि त्याची किंमत ती मुलगी मोजेल. तू त्या घरात राहतोस का?

पद्मिनी


अर्विंग
रविवार, ८ नोव्हेंबर १९८७

ती. पद्मिनीताई,

होय.

हा शब्द लिहून मी पेन खाली ठेवले होते. आता पुढचे लिहितो.

मार्चमध्ये ओरालियाशी मी कोर्टात लग्न केले. साक्षीदार मोटेलच्या कपडे धुण्याच्या खोलीतल्या दोन बायका. विष्णूकाकांना माहीत नाही, ते समजतात की मी भाडे वाचवायला खोली वाटून घेतली आहे. ओरालिया दुकानात चिंच घ्यायला यायच्या. त्यांच्याकडेही चिंचेचे सरबत करतात. मी त्यांना सांगितले की आमच्याकडे आमटीत घालतात, तेव्हा त्या इतक्या हसल्या की रांगेतल्या लोकांनी मागे वळून पाहिले. तिथून सुरुवात. अजूनही मी तिला अहोजाहो करतो असे माझी पत्रे वाचून तुला वाटले असेल. ते तुझ्यापासून लपवण्यासाठी होते आणि इथे वर सवयीने आले. तिला मी नावाने हाक मारतो.

कॉलेज मी १९८५ सालीच सोडले. दुसऱ्या सेमिस्टरची फी भरता आली नाही आणि नापास झालेले दोन विषय परत घ्यायचे होते. व्हिसा त्याबरोबर संपला. मिरजेलाही बी. एस्सी. अर्धी सोडली होती आणि इथेही. आईला मी लिहीत राहिलो की परीक्षा जवळ आली आहे. माझी ओरालियासारखी माफीच्या कायद्यात बसण्याची सोय नाही, मी उशिरा आलो. म्हणजे आमच्या घरात सही करायला घाबरणारी दोन माणसे आहेत. यादिरा इथेच जन्मली. कोणाला घाबरण्याचे कारण नसलेली ती एकटीच आहे आणि पत्र तिच्याबद्दल आले.

आता उच्चारांचे. ते माझेच आहेत. मला इंग्रजी बोलता फार येत नाही, पण स्पेलिंग माझे कधी चुकलेले नाही. मला वाटले की जे मला नीट येते ते तिला द्यावे. एप्रिलपासून रोज संध्याकाळी जेवणाआधी आम्ही शब्द घेतो. मी पाठ देतो, ती पाठ म्हणते. ‘शूज’ मी तिच्याकडून चाळीस वेळा म्हणून घेतले असेल. ती कधी रडली नाही. मी कधी हात उगारला नाही, शपथेवर सांगतो. मास्तर शिकवायचे तसे शिकवले, फक्त छडी वगळून. ती शाळेत सर्वांच्या पुढे असावी, तिला कोणी परकी म्हणू नये, एवढेच मनात होते.

आणि तू विचारलेस, बडबडी होती म्हणजे काय. शाळा सुरू झाल्यावर मी घरात स्पॅनिश बंद केली. ओरालियालाही विनंती केली. दोन भाषांनी डोक्यात गोंधळ होतो असे मोटेलच्या मॅनेजरने सांगितले होते आणि मला ते शास्त्रोक्त वाटले. ओरालियाला इंग्रजीत “खा”, “झोप”, “दार लाव” एवढे म्हणता येते. गेले तीन महिने आई मुलीशी एवढेच बोलते. यादिरा मान हलवते. घर इतके शांत झाले आहे, ताई, की फ्रिज सुरू झालेला ऐकू येतो. मला वाटत होते की ती शिस्त आहे.

तुझे पत्र वाचल्यापासून मला झोप नाही. तिच्यात दोष नव्हता. मी तो तयार केला आणि आता तो कागदावर आला आहे. बैठकीत मी गेलो तर विचारतील तुम्ही कोण. नाही गेलो तर ओरालिया सही करील आणि बस येईल. ओरालिया म्हणते तू जाऊ नकोस, तुला धरले तर आमचे काय. विष्णूकाकांकडून पैसे घेऊन डिसेंबरात दुसऱ्या गावी निघून जावे असेही मनात येते. तिथे नवी शाळा असेल आणि कोणाला काही माहीत नसेल.

काय करू ते सांग. रागावायचे असेल तर त्याच पत्रात रागाव, म्हणजे दोन पत्रांची वाट पाहावी लागणार नाही.

श्रीरंग


ॲन आर्बर
१२ नोव्हेंबर, एक्सप्रेस मेलने

श्रीरंग,

तुझं पत्र आज दुपारी आलं. बसस्टॉपवर उभी राहून वाचलं, दोन बस सोडल्या.

रागावलेय. लग्न केलंस म्हणून नाही. मिरजेहून मी इथे पोचले, तुला दोन वर्षं एक बहीण जवळ होती आणि तू मला हवामान लिहीत बसलास, म्हणून. झालं. उरलेला राग उन्हाळ्यात समोरासमोर. ओरालियाला सांग, नणंद येणार आहे आणि तिला चिंचेचं सरबत लागेल.

आता कामाचं. गाव सोडून जाऊ नकोस. नव्या शाळेतही मिसेस टकर असतील आणि त्यांच्यासमोरही हीच मुलगी बसेल. बैठकीला तू जा. तूच जायला हवंस, कारण पुरावा तू आहेस. मी पानभर पत्र लिहून सोबत ठेवलंय, लेटरहेडवर, माझ्या गाइडबाईंची सही घेतलीय. त्यात सगळं शास्त्र आहे. पण माझ्या पत्राने जेवढं होणार नाही तेवढं तू तोंड उघडल्यावर होईल. मिसेस टकरना म्हण, तीच चित्रं मला दाखवा.

कागदांचं. शाळेला आईवडिलांचे कागद मागायचं कारण नाही. टेक्ससमधल्याच खटल्यात इथल्या सर्वोच्च कोर्टाने पाच वर्षांपूर्वी सांगितलंय, की कागद नाहीत म्हणून मुलाला शाळा नाकारता येत नाही. शाळेचं काम मुलाशी. पण तुझ्याबाबतीत काही होणार नाही अशी हमी मला देता येत नाही. देऊन टाकावीशी वाटते, पण खोटी होईल. माझ्या ओळखीच्या एका वकीलबाईंचा नंबर खाली दिलाय, बैठकीआधी फोन कर, तुझं नाव न सांगताही त्या बोलतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. स्पॅनिशमध्ये तपासणी मागा. ती मागण्याचा ओरालियाला हक्क आहे आणि ती होईपर्यंत सही न करण्याचाही. मी आजच शाळेला फोन करून विचारलं, तुझं नाव न घेता. जिल्ह्याच्या शाळाखात्यात स्पॅनिशमध्ये तपासणी करणाऱ्या एक मिस कान्तू आहेत, १९ तारखेला त्या येऊ शकतात, पण कुणीतरी मागायला हवं. ओरालियाला लगेच दोन ओळी लिहून द्यायला सांग.

पण त्या दिवशी यादिरा स्पॅनिशमध्ये बोललीच नाही, तर मिस कान्तूंच्या कागदावरही काही नसेल. मग दोन्ही भाषांत गप्प असं होईल आणि मी, माझं लेटरहेड, कुणीही काही करू शकणार नाही. म्हणून आजपासून, हे पत्र वाचून संपेल तेव्हापासून, घरात स्पॅनिश सुरू. शब्दांचा पाठ बंद. ओरालियाला बोलू दे. भांडू दे, गाऊ दे, काहीही.

त्या मॅनेजरला दोन भाषांबद्दल काही कळत नाही. तुझ्या आईला तीन येतात आणि तिचा गोंधळ कुणी पाहिलाय?

आत्याला मी काही लिहिलेलं नाही. ते तू लिही.

पद्मिनी


अर्विंग
शुक्रवार, २० नोव्हेंबर १९८७

ती. पद्मिनीताईस सप्रेम नमस्कार.

तू पत्र शेवटाकडून वाचतेस हे मला माहीत आहे, म्हणून निकाल इथेच लिहितो, शेवट उलटायला नको. यादिरा त्या वर्गात जाणार नाही. बसही येणार नाही. मला कोणी कागद विचारले नाहीत. तुझ्या पत्राबद्दल मिसेस टकरनी तुला धन्यवाद सांगितले आहेत आणि त्याची एक प्रत ठेवून घेतली आहे.

आता बाकीचे.

तुझे पत्र सोमवारी हाती आले, आधी सही घ्यायला घरी कोणी नव्हते. संध्याकाळी मी यादिराला समोर बसवून सांगितले, की आजपासून घरात स्पॅनिश चालेल. तिने मान हलवली. ओरालिया त्या दिवशी जेवण होईपर्यंत बोलत होती, जणू कोणी नळ उघडला. मामाची गोष्ट, बकरीची गोष्ट, मला निम्मे कळत नव्हते. यादिरा ऐकत होती, तिचे डोळे आईच्या तोंडावरून हलत नव्हते. पण ती बोलली नाही. मंगळवारी ओरालियाने मिस कान्तूंसाठी दोन ओळी शाळेत दिल्या, पण यादिरा मंगळवारीही बोलली नाही. बुधवारी ओरालियाने तिला मुद्दाम चुकीची गोष्ट सांगितली, बकरीला पंख होते म्हणून. यादिरा हसली आणि इंग्रजीत “नो” म्हणाली. ओरालिया न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. वकीलबाईंना मी फोन केला होता. त्या म्हणाल्या, शाळेत जा. मी ते वाक्य खिशात ठेवल्यासारखे घेऊन फिरत होतो.

काल सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला. शाळेची खोली लहान मुलांची होती, खुर्च्या गुडघ्याएवढ्या. मिसेस टकर साठीच्या आहेत, पांढरे केस, गळ्यात चष्म्याची साखळी. त्यांनी विचारले, आपण मुलीचे कोण? मी म्हणालो, वडील. मग नाव विचारले. मी नाव सांगितले आणि त्यांनी ते लिहून घेतले. स्पेलिंग त्यांनी चुकीचे लिहिले होते आणि मी ते दुरुस्त केले. नंतर वाटले, चुकीचेच राहू द्यायला हवे होते.

तुझे पत्र त्यांनी वाचले. मग मी म्हणालो, तीच चित्रे मला दाखवा. त्या हसल्या नाहीत. त्यांनी यादिराचा कागद एका बाजूला ठेवला आणि मला पहिले चित्र दाखवले. मी म्हणालो, थम्ब. दुसरे. व्हॅन. झिपर. टीथ. त्यांची पेन्सिल यादिराच्या कागदावरून एकेका ओळीने खाली येत होती. पाच वर्षांच्या मुलीने जिथे चुकीची खूण मिळवली होती तिथे मीही चुकीची खूण मिळवत होतो. सव्वीस वर्षांचा माणूस मुलांच्या खुर्चीवर बसून नापास होत होता आणि मला आत कुठेतरी बरे वाटत होते. शेवटच्या चित्रावर त्यांनी चष्मा काढला.

“मी तीस वर्षे मुलांची बोली ऐकतेय,” त्या म्हणाल्या. “ही कुठली?”

“मिरजेची,” मी म्हणालो.

त्यांनी माझी माफी मागितली नाही, आणि मागायची गरजही नव्हती. त्या म्हणाल्या, मला प्रश्न पडला होता, उत्तर आता मिळाले. पण स्पॅनिश ऐकल्याशिवाय मी कागद बंद करू शकत नाही. ते बरोबरच होते.

मिस कान्तू तरुण आहेत, दक्षिण टेक्ससच्या. त्या जमिनीवर बसल्या आणि यादिरालाही बसवले. चित्रे पसरली. स्पॅनिशमध्ये विचारले, हे काय? यादिरा चित्राकडे बघत राहिली. दुसरे. तिसरे. मिस कान्तूंनी घाई केली नाही. त्यांनी स्वतःच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. घरी कोण कोण आहे ते विचारले. यादिराने ओठ घट्ट मिटले होते, दाताखाली काही धरावे तसे. मिसेस टकर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या असे मला वाटले. कदाचित बघत नसतीलही. ओरालियाने तिला नावाने हाक मारली. काही नाही. मिस कान्तूंच्या हातातला कागद कोरा होता आणि तू लिहिलेस ते मला आठवत होते.

मग मी खुर्चीवरून उठलो आणि खाली तिच्यासमोर बसलो. माझी स्पॅनिश तुला ऐकवण्यासारखी नाही. मी तिला म्हणालो, बोल, यादिरा. इथेही चालते. मी सांगतो, चालते.

तिने माझ्याकडे बघितले. मग दाराकडे. मग पुन्हा माझ्याकडे. आणि हळू, पण एकेक अक्षर स्वच्छ, तिने स्पॅनिशमध्ये विचारले:

“मग माझ्या आईला ते नेणार नाहीत?”

ताई, मला क्षणभर कळले नाही की ती हे कुठून बोलते आहे. मग आठवले. ऑगस्टमध्ये मोटेलवर इमिग्रेशनची गाडी आली होती. ओरालिया दुपारभर चादरींच्या कपाटात बसून होती. तिचा अर्ज झालेला होता, तरी ती बसली. त्या संध्याकाळी मी यादिराला दोन्ही खांद्यांना धरून सांगितले होते, की बाहेर कुठेही स्पॅनिशचा एक शब्द बोललीस तर ते लोक ओळखतील आणि तुझ्या आईला घेऊन जातील. मी घाबरलेला होतो. बोललो आणि विसरून गेलो. घरातली स्पॅनिश मी बंद केली ती नंतर. तिने ती माझ्या आधीच बंद केली होती. मी तिला शिकवलेले सगळे तिने अचूक पाठ केले, तसे हेही केले.

ओरालियाने तोंडावर हात धरला. मिस कान्तूंना सगळे समजले होते. त्यांनी ते वाक्य मिसेस टकरना इंग्रजीत सांगितले नाही. फक्त कागदावर पहिल्या ओळीत लिहून घेतले, आणि मी पाहिले, की लिहिताना त्या प्रत्येक आवाजाखाली बरोबरची खूण करत होत्या.

यादिरा माझ्या उत्तराची वाट बघत होती. खोलीत चार मोठी माणसे होती आणि माझे नाव टेबलावरच्या कागदावर होते. मला उत्तर माहीत नव्हते. अजून माहीत नाही.

मी म्हणालो, “नाही. नेणार नाहीत.”

तिने आणखी थोडा वेळ माझा चेहरा तपासला. मग पहिले चित्र उचलले, आईकडे वळवले आणि बोलायला लागली.

श्रीरंग